आर्गन तोच, मशीन तेच, तरी जोड काळे: टिग टॉर्चच्या सुट्या भागांचं एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये डेअरीच्या पाइपलाइनचं काम चालू होतं. पाइप ३१६एल स्टेनलेसचा, बाहेरचा व्यास ५०.८ मि.मी., जाडी १.६ मि.मी. टिग वेल्डिंगची (टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटवून आर्गनच्या आच्छादनाखाली करायचं वेल्डिंग) मशीन तीन, तिन्हींवर डब्ल्यूपी-१७ हा एअर-कूल्ड टॉर्च. टंगस्टन १.६ मि.मी., करंट ६० ते ७० अँपिअर, डीसी, टॉर्च निगेटिव्हला. पाइपमधली हवा घालवायला आतून आर्गनचं पर्जिंग.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि जोड बिघडायला लागले. वेल्डची वरची बाजू राखाडी, दोन्ही कडांना निळसर काळा पट्टा. डीपी टेस्टला (रंग झिरपवून बारीक भोकं शोधायची चाचणी) लाल ठिपके उठायला लागले, म्हणजे पिनहोल. "साहेब, गॅसच बाद आलाय," हे वेल्डरचं पहिलं म्हणणं. सिलिंडर बदलले, काही फरक पडला नाही. मग गॅसचा फ्लो मिनिटाला १० लिटरवरून १५ वर आणि १५ वरून २० वर गेला. त्यानंतर जोड आणखी काळे पडले.

मे महिन्यात या युनिटने दोन टॉर्चना गॅस लेन्स (गॅस शांत, सरळ सोडणारा जाळीचा भाग) बसवली होती. तिसऱ्यासाठी सेट मिळाला नव्हता, म्हणून तो जुन्याच, बिनजाळीच्या कॉलेट बॉडीवर (टंगस्टन पकडणारी कॉलेट जिच्यात बसते तो भाग) चालू होता. लेन्स लावूनही जोड काळे पडतात म्हटल्यावर दुकानदाराने माल डुप्लिकेट दिला, असाही निष्कर्ष निघाला. लेन्सचा माल ठीक होता. बिघाड तिन्ही टॉर्चमध्ये होता आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. लक्षण मात्र एकच दिसत असल्यामुळे सगळे एकच कारण शोधत बसले होते.

दोष नक्की कुठल्या बाजूचा?

पहिला प्रश्न असा: काळेपणा आत आहे की बाहेर? दोन जोड कापून पाहिले तर आतली बाजू फिकट सोनेरी होती. आतल्या बाजूच्या रंगासाठी अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या (एडब्ल्यूएस) डी१८.२ मध्ये १० पायऱ्यांचा रंगतक्ता आहे. पर्ज गॅसमधला ऑक्सिजन १० पीपीएमपासून (दहा लाखांत १० भाग) २५,००० पीपीएमपर्यंत वाढत गेला की रंग कसा गडद होत जातो, ते त्यात दिसतं. त्या तक्त्याशी ताडून पाहता पर्जिंग नीट होतं. म्हणजे बिघाड टॉर्चच्या बाजूचाच.

दुसरी खूण बाहेरच्या रंगातच असते. मधला बीड (वेल्डची पट्टी) चकचकीत आणि फक्त कडेचे पट्टे निळे असतील तर गॅस शुद्ध आहे, पण त्याचं आच्छादन अपुरं पडतंय. कप (टॉर्चचं गॅस सोडणारं तोंड) लहान आहे किंवा टॉर्च फार उचलला जातोय. बीडच राखाडी, खरखरीत आणि पिनहोलवाला असेल तर आर्क जिथे जळतोय तिथल्या गॅसमध्येच हवा मिसळलीय. इथे बीड राखाडी होता.

टंगस्टनही साक्ष देतं. पोस्ट-फ्लो (आर्क बंद झाल्यावरही काही सेकंद चालू राहणारा गॅस) संपल्यावर टोक चांदीसारखं पांढरं राहिलं तर ठीक. ते निळं किंवा जांभळं दिसलं तर गरम असतानाच हवा लागली. काळं-हिरवट पडलं तर जळतानाच हवा मिसळत होती. पहिल्या टॉर्चचं टंगस्टन हिरवट काळं निघालं.

यानंतर तिन्ही टॉर्च मशीनवरून काढून आपसात बदलले. प्रत्येकाची खोड टॉर्चबरोबर फिरली, मशीनबरोबर राहिली नाही. एवढ्या एका पायरीने सिलिंडर, रेग्युलेटर आणि मशीनचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (गॅस चालू-बंद करणारी विजेची झडप) हे मुख्य संशयितांतून बाहेर पडले. अर्ध्या तासाचं काम आहे, पण सिलिंडर परत पाठवण्याआधी ते कुणी करत नाही.

मग ३१६एलच्या स्वच्छ तुकड्यावर प्रत्येक टॉर्चने जागच्या जागी ठिपका मारला: ६० अँपिअर, ३ ते ४ सेकंद, हात हलवायचा नाही, आर्क बंद झाल्यावरही पोस्ट-फ्लो संपेपर्यंत टॉर्च तिथेच. चांगल्या टॉर्चचा ठिपका आरशासारखा असतो, त्याच्याभोवती फिकट सोनेरी वलय असतं आणि ते सगळ्या बाजूंनी सारख्या रुंदीचं असतं. इथे पहिल्या टॉर्चचा ठिपका पूर्ण राखाडी आला. दुसऱ्याचा एका बाजूला चकचकीत, दुसऱ्या बाजूला अर्ध्या चंद्रासारखा काळा. तिसऱ्याचा मध्ये बरा, पण भोवती तुटक-तुटक निळे-काळे डाग.

पहिला टॉर्च: जुनं गास्केट, नवी लेन्स

डब्ल्यूपी-१७, १८ आणि २६ या टॉर्चमध्ये साधी कॉलेट बॉडी असेल तेव्हा कपामागे १८सीजी नंबरचं पांढरं गास्केट लागतं. गॅस लेन्स बसवली की ते काढून त्या जागी ५४एन०१ नंबरचा इन्सुलेटर घालायचा असतो. लेन्सची बॉडी जाड असते, तिचे कप वेगळे असतात आणि त्या कपाचा मागचा काठ ५४एन०१ वर टेकण्यासाठीच बनवलेला असतो. या टॉर्चला लेन्स आणि कप नवे आले होते, गास्केट जुनंच राहिलं होतं. कप हाताला घट्ट लागत होता, म्हणून शंका आली नाही. उजेडासमोर धरल्यावर मात्र कप आणि टॉर्चचं डोकं यांच्यामध्ये बारीक फट दिसली, कागद सरकेल एवढी.

या फटीतून थोडा आर्गन बाहेर जातो, पण खरं नुकसान त्याने होत नाही. कपातून वेगाने निघणारा आर्गन त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढून घेतो. हिशेब करून पाहा. ८ लिटरच्या फ्लोमध्ये मिनिटाला फक्त ८० मिलिलिटर हवा शिरली, तर ती १ टक्का झाली. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे आर्क भोवतीच्या गॅसमध्ये सुमारे २,१०० पीपीएम ऑक्सिजन. ९९.९९५ टक्के शुद्धतेच्या आर्गनमध्ये सगळी अशुद्धी मिळून जास्तीत जास्त ५० पीपीएम असते. सिलिंडरच्या शुद्धतेवर भांडायचं आणि टॉर्चच्या डोक्यातली फट तशीच ठेवायची, याला काही अर्थ नाही.

याच टॉर्चची बॅक कॅपही (टंगस्टन कसणारं मागचं झाकण) गळत होती. तिच्यातला ओ-रिंग उष्णतेने कडक होऊन चिरला होता. गळती शोधायची सोपी रीत अशी: गॅस चालू करायचा, कपाचं तोंड रबराच्या तुकड्याने घट्ट दाबायचं आणि रोटामीटरच्या (फ्लो दाखवणारी काचेची नळी) गोळीकडे बघायचं. गोळी शून्यावर आली पाहिजे. इथे ती ३ लिटरजवळ तरंगत राहिली. बॅक कॅप आणि कपाच्या मागे साबणाचं पाणी लावल्यावर दोन्हीकडे बुडबुडे आले. ही तपासणी मशीनच्या गॅस-चेक बटणावरच करावी. टॉर्चचं बटण दाबून कपावर अंगठा ठेवला तर आर्क पेटवणाऱ्या हाय-फ्रिक्वेन्सीचा झटका थेट हाताला बसतो. मशीनला गॅस-चेक नसेल तर टंगस्टन काढून कॅप परत लावा आणि हाय-फ्रिक्वेन्सी बंद केल्याशिवाय हात पुढे नेऊ नका.

५४एन०१ बसवला, ओ-रिंग बदलला, गोळी शून्यावर आली. पुढचाच ठिपका आरशासारखा आला. या टॉर्चवर आणखी काही करावं लागलं नाही.

दुसरा टॉर्च: गेज १२ दाखवतं, कपातून निघतात ४

हा बिघाड सापडायला सगळ्यात अवघड होता, कारण रेग्युलेटरवरचा आकडा बिनचूक दिसत होता. या मशीनला नळीतल्या गोळीचा रोटामीटर नव्हता, दोन घड्याळांचं रेग्युलेटर होतं. त्यातलं दुसरं घड्याळ लिटरमध्ये आखलेलं असलं तरी ते फ्लो मोजत नाही. ते बारीक भोकाआधीचा दाब मोजतं आणि पुढे वाट मोकळी आहे असं धरून त्या दाबाला किती लिटर जातील तो आकडा दाखवतं. पुढे टॉर्चमध्ये वाट अडली तर फ्लो पडतो, काटा मात्र जागेवरच राहतो. टॉर्च बदलूनही तो हललेला नव्हता.

कपाच्या तोंडावर धरायचा छोटा नळीवजा फ्लोमीटर मिळतो. त्याने मोजल्यावर १२ लिटरच्या जागी ४ निघाले.

लेन्स खोलून भिंगाखाली धरली. गॅस लेन्समध्ये बारीक तारेच्या जाळ्या एकावर एक ठेवलेल्या असतात. गॅस त्यांतून गाळला जाऊन सरळ, शांत प्रवाहात बाहेर पडतो. या लेन्सच्या जवळजवळ अर्ध्या जाळीवर धातूचे बारीक थेंब चिकटले होते आणि कडेला जाळी आत दबलेली होती. कारण दोन. फिलर तार टंगस्टनला लागली की उडणारे थेंब थेट जाळीवर जातात. आणि ते साफ करायला कुणीतरी तारेचा ब्रश वापरला होता. ब्रशने थेंब निघत नाहीत; जाळीच्या वाटा वाकतात आणि कचरा आत ढकलला जातो. मग उरलेली मोकळी बाजू एकटी गॅस सोडते, म्हणूनच तो अर्ध्या चंद्राचा ठिपका.

तेल किंवा धूळ असेल तर अॅसिटोनमध्ये बुडवून, कोरड्या आर्गनने उलट बाजूने फुंकून साफ होतं. धातूचे थेंब बसले असतील तर लेन्स बदलायची. ती खर्चाची वस्तू आहे आणि तिच्याकडे तसंच पाहावं. एक कापलेला जोड पुन्हा करायला पाइप, फिलर, आर्गन आणि वेल्डरचा वेळ जातो, त्या मानाने ती स्वस्त आहे. आमचं मत स्पष्ट आहे: लेन्स वापरणाऱ्या मशीनवर घड्याळवालं रेग्युलेटर ठेवू नये, रोटामीटरच लावावा. मग चोंदलेली लेन्स वेल्ड करण्याआधीच गोळीवर ओळखता येते.

टंगस्टन चुकून जोडाला टेकलं तर ते काढून पुन्हा घासायचं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वेळी लेन्सची जाळी उजेडात पाहायची सवय मात्र क्वचित दिसते.

तिसरा टॉर्च: भाग बरोबर, फ्लो चुकीचा

इथे कुठलाही भाग खराब नव्हता. साधी कॉलेट बॉडी, ५ नंबरचा कप, फ्लो २० लिटर. कपाचा नंबर म्हणजे आतला व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत. ५ नंबर म्हणजे ५/१६ इंच, सुमारे ८ मि.मी. ८ नंबर म्हणजे अर्धा इंच, १२.७ मि.मी.

८ मि.मी.च्या तोंडातून २० लिटर गॅस मिनिटाला सोडला की त्याचा वेग सेकंदाला साधारण ६.६ मीटर होतो. आर्गनची घनता आणि चिकटपणा धरून रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा) काढला तर तो ३,९०० च्या आसपास येतो. नळीत २,३०० च्या पुढे प्रवाह शांत राहत नाही, खळबळतो. शिवाय साध्या कॉलेट बॉडीतून गॅस बाजूच्या भोकांतून आडवा निघतो आणि कपाच्या भिंतीवर आदळून वळतो, म्हणजे तो खळबळ घेऊनच बाहेर पडतो. नळ हळू सोडला तर धार काचेसारखी पडते आणि पूर्ण सोडला की फेसाळते, तोच प्रकार. फेसात हवा असते. खळबळलेल्या आर्गनमध्येही आजूबाजूची हवा ओढली जाते.

त्याच ५ नंबर कपात १० लिटरला हाच आकडा सुमारे १,९५० येतो, म्हणजे काठावरचा. आणि ८ नंबर कप, लेन्स, ८ लिटर असं धरलं तर वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर आणि रेनॉल्ड्स नंबर १,००० च्या खाली. वर आच्छादन ८ ऐवजी १२.७ मि.मी. रुंद. फ्लो वाढवून जोड का बिघडले, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

या टॉर्चला पूर्ण सेट दिला: लेन्स बॉडी ४५व्ही२५, कॉलेट १०एन२३, कप ५४एन१४, इन्सुलेटर ५४एन०१. हे नंबर १.६ मि.मी. टंगस्टन आणि १७, १८, २६ या टॉर्चसाठीच आहेत. २.४ मि.मी. टंगस्टनला लेन्स ४५व्ही२६ आणि कॉलेट १०एन२४ लागतो. डब्ल्यूपी-९ आणि २० चे भाग वेगळे असतात आणि ते यात बसत नाहीत. दुकानात "सतराची लेन्स द्या" एवढंच सांगितलं की इन्सुलेटर हमखास राहून जातो. पहिल्या टॉर्चचं तेच झालं होतं.

टॅक काळे का पडत होते

तिन्ही टॉर्च दुरुस्त झाल्यावर जोड सुधारले, पण टॅक (पूर्ण वेल्डच्या आधी पाइप जागेवर धरायला मारलेले छोटे ठिपके) अजून काळपट येत होते. टॅकचा आर्क सेकंदभराचा असतो, त्यामुळे गॅसची पहिली झुळूकच तिथे काम करते. ती झुळूक वाईट होती.

सोलेनॉइड बंद असताना रेग्युलेटरपासून मशीनपर्यंतच्या नळीत दाब साचतो. नळी ८ मीटर, आतला व्यास ६ मि.मी. म्हणजे तिच्यात सुमारे ०.२३ लिटर जागा. ३.५ बार दाबाला त्यात जवळजवळ ०.८ लिटर जादा आर्गन कोंबलेला असतो. बटण दाबताच तो एक-दोन सेकंदांत बाहेर उसळतो. तेवढ्या वेळापुरता फ्लो मिनिटाला २५ लिटरच्या वर जातो आणि खळबळतो, नेमका आर्क पेटतो तेव्हा. मशीनचा प्री-फ्लो (आर्क पेटण्याआधी सोडलेला गॅस) ०.२ सेकंद होता, तो १.५ सेकंद केला. नळी ८ मीटरची ३ मीटर केली. सिलिंडर मशीनजवळ आणला, एवढंच. टॅक उजळले.

पोस्ट-फ्लोसाठी दर १० अँपिअरला १ सेकंद हा ठोकताळा पुरतो. ७० अँपिअरला ७ ते ८ सेकंद. टॅक मारून टॉर्च लगेच उचलणाऱ्या वेल्डरच्या हातात हा गॅस फुकट जातो, म्हणून हात रोखायला शिकवणं हाही दुरुस्तीचाच भाग होता.

जूनच का?

पावसाला दोष देणारे थोडे बरोबर होते. शेडचं शटर पश्चिमेला होतं आणि जूनमध्ये पुण्यात पश्चिमेचा वारा जोर धरतो. वर मे महिन्यापासूनचा पेडेस्टल फॅन चालूच. एडब्ल्यूएस डी१.१ स्ट्रक्चरल कामात टिगसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी ८ किलोमीटर ठेवतं, म्हणजे सेकंदाला २.२ मीटर. पण इथे कपातून गॅसच १ मीटरने निघतोय, त्यामुळे ती मर्यादासुद्धा पातळ स्टेनलेसला सैल आहे. कॅनव्हासचे पडदे लावले, फॅन गुडघ्याच्या खाली आणि तिरका वळवला.

दुसरी गोष्ट शुक्रवारची. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, आणि सुपरवायझरच्या नोंदवहीत शुक्रवार सकाळचे जोड सगळ्यात जास्त नापास दिसत होते. काळ्या रबरी नळीच्या भिंतीतून ओलावा हळूहळू आत शिरतो आणि रबरात मुरतो. नळीतली हवा काही सेकंदांत धुऊन निघते, पण मुरलेला ओलावा निघायला वेळ लागतो. पावसाळ्यात दीड दिवस बंद राहिलेली नळी म्हणूनच पहिला तासभर त्रास देते. रबरी नळ्या काढून पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) बसवल्या. शुक्रवारी काम सुरू करण्याआधी ५ मिनिटं गॅस सोडायचा, मग ठिपका मारून पाहायचा आणि वलय सारखं आलं तरच जॉब लावायचा, असं ठरलं.

नंतरची सेटिंग

रोटामीटर ८ लिटर. ८ नंबर कप लेन्ससह. टंगस्टन कपाबाहेर ८ मि.मी.; लेन्स असल्याने बेंडच्या कोपऱ्यात १२ मि.मी.पर्यंत चाललं, साध्या कॉलेट बॉडीवर एवढं बाहेर काढलं असतं तर जोड गेला असता. टोक लांबीच्या दिशेने घासलेलं, २० ते २५ अंश. टॉर्चचा कल १५ अंशांपेक्षा जास्त नाही, कारण टॉर्च आडवा झाला की मागच्या बाजूने हवा खेचली जाते. आर्कची लांबी दीड ते दोन मि.मी.

७ घनमीटरचा सिलिंडर २० लिटरने ३५० मिनिटं पुरतो, ८ लिटरने ८७५ मिनिटं. गॅसची बचत हा या दुरुस्तीचा हेतू नव्हता, पण मालकाला पटवायला हाच आकडा कामाला आला.

आधीच झालेल्या जोडांचं काय

बीड राखाडी आणि पिनहोल असलेले जोड कापून नवे केले. पिनहोलवर घासून वरून पुन्हा पास मारणं डेअरीच्या लाइनला चालत नाही. आतली पोकळी तशीच राहते, सीआयपीच्या (लाइन न खोलता आतून धुण्याच्या) कॉस्टिक आणि नायट्रिक अॅसिडने ती उघडी पडते आणि तिथे दूध अडकतं. ज्यांच्या फक्त कडा निळ्या होत्या आणि डीपी स्वच्छ होती, ते पिकलिंग पेस्टने (धातूचा वरचा पदर काढणारा अॅसिडचा लेप) साफ केले. निळ्या थराखाली क्रोमियम कमी झालेला पातळ पदर असतो आणि गंज तिथूनच धरतो, त्यामुळे नुसतं बफिंग करून चमक आणणं पुरेसं नाही, तो पदर काढावाच लागतो. पेस्ट डब्यावर दिलेल्या वेळेपुरतीच ठेवायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि धुतलेलं पाणी चुन्याने उदासीन केल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. पेस्टमध्ये नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं. ते कातडीतून आत जातं आणि वेदना उशिरा जाणवते, म्हणून अॅसिडसाठीचे लांब ग्लोव्ह्ज आणि चेहऱ्यावर शिल्ड घातल्याशिवाय डबा उघडू देऊ नये. कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब त्या टेबलावरच ठेवावी. अंगावर उडालं तर आधी वाहत्या पाण्याखाली धरायचं, मग जेल चोळायचं आणि दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.